बिअर झोपलेली असताना

रेगेन्सबुर्ग, १२ ऑगस्ट १९९२

ती. रूझेनाताईंना,
सा. न. वि. वि.

सीमा ओलांडली, हाडं शाबूत आहेत आणि तुमच्या भावाने अजून काहीही हरवलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं पत्र तुम्ही शांतपणे वाचाल. चौतीस वर्षांपूर्वी लग्नात कबूल केलेला प्रवास अखेर घडला. तोही कसा, तर तळघरातल्या पिंपांत बिअर दोन महिने झोपून राहणार आणि तोवर ब्रुअरीच्या उस्तादाला काही काम नसणार म्हणून! सवत झोपली तेव्हा कुठे माझी पाळी आली.

इथला दगडी पूल आठशेहून जास्त वर्षं जागचा हललेला नाही. ओटाकरने त्याच्या कमानी मोजल्या, मी पुलाखालच्या टीचभर खानावळीत कोण काय खातंय ते बघून घेतलं. निखाऱ्यावर भाजलेली करंगळीएवढी सॉसेजं, खाली आंबवलेला कोबी आणि वर मोहरीची चटणी. ती चटणी चक्क गोड! आपल्याकडे मोहरीत कोणी साखर घातली तर घरचे त्याला डॉक्टरकडे नेतील. मी दोनदा मागून घेतली, हे मात्र आपल्या गावी पोडलिपीत कोणाला सांगू नका.

आता एक कोडं घालते. मी मोराव्हियाची, द्राक्षमळेवाल्याची पोर. बिअरमधलं मला किती कळतं, तर मांजराला पोहण्यातलं कळतं तेवढं, असं तुमचा भाऊ लग्नाच्या पंगतीतच म्हणाला होता. तोच आता ग्लास आला की आधी माझ्यापुढे सरकवतो. वास कसला येतो? गवताचा की पावाचा? पाव ताजा की शिळा? मी सांगेन ते सगळं वहीत लिहून घेतो. म्हातारपणी बायकोच्या मताला किंमत आली म्हणायची, की आत काही भानगड आहे?

उत्तर बाम्बेर्गच्या मोठ्या पोस्टात पाठवा, मी मागून घेईन. माया आहेच, ती जरा लांबलचक पत्रातून दिसू द्या.

तुमची
लिबुशे

*

पोडलिपी, १६ ऑगस्ट १९९२

चि. लिबुशेस,
अ. उ. आ.

भानगड कसली आलीय? माणूस साठीला आला की त्याला बायको दिसायला लागते. आमचे हे तर सत्तरीला आले तेव्हा त्यांना मी दिसले. तू आपली हिंड, खा, आणि गोड मोहरीची एक बाटली माझ्यासाठी गुपचूप घेऊन ये.

इथे सगळं गाव वेडं झालंय. सरकारने कुलूप ठोकल्याला बेचाळीस वर्षं झाली, आणि आता अठ्ठावीस सप्टेंबरला संत व्हात्स्लाव्हच्या दिवशी आपल्या ब्रुअरीचा पहिला नळ उघडणार. खानावळवाल्या कोउबाने समितीचा अध्यक्ष म्हणून नवी टोपी शिवून घेतलीय. बँडवाले रोज तेच एक गाणं वाजवतात आणि रोज वेगळ्या जागी चुकतात. त्या दिवशीच्या मेजवानीला बदकं लागणार, म्हणून ती पाळणाऱ्यांचा भाव वाढलाय.

आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, पहिला ग्लास. तू आमच्या तळघरात कधी पाऊल टाकलं नाहीस म्हणून सांगते. कच्च्या बिअरला लोण्याचा वास असतो. तो गेला की ती तयार झाली. पहिला ग्लास उस्तादाने सगळ्यांसमोर उभ्याने घ्यायचा. तळापर्यंत प्यायला तर नळ उघडतो, अर्धा खाली ठेवला तर गाव घरी जातं. आमच्या बाबांनी एका वर्षी तो अर्धा ठेवला होता, तेव्हा बँडसकट सगळे मुकाट परतले होते. आता तो ग्लास ओटाच्या हातात यायचा आहे. चाळीस वर्षं शहरात दुसऱ्यांची बिअर केली बिचाऱ्याने, याच दिवसासाठी जीव धरून होता तो. त्याला थंडी लागू देऊ नकोस.

आशीर्वाद आहेतच, पत्राचं तिकीट लावलंय तेवढ्यात मावतील तितके.

तुझी
रूझेनाताई

*

बाम्बेर्ग, २२ ऑगस्ट १९९२

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

हे पत्र एकटीने वाचा आणि ओटाकरला यातलं अक्षर कळू देऊ नका.

हे गाव मला फार आवडलं. नदीच्या मधोमध त्यांची जुनी नगरपालिका उभी आहे, निम्मं गाव एका काठाला, निम्मं दुसऱ्या, म्हणजे भांडायला सगळ्यांना सारखंच चालावं लागावं! अख्ख्या कांद्याच्या पोटात खिमा भरून शिजवतात, तोही मी खाल्ला. आणि इथली बिअर काळी, धुराची. तिचं धान्य लाकडाच्या धुरावर वाळवतात. ग्लास तोंडाशी नेला आणि वाटलं, कोणी मला डुकराच्या मांसाच्या धुरीघरात कोंडलंय. आमच्या टेबलावर एक डॅनिश जोडपं होतं, त्यांचंही तेच झालं. पहिल्या घोटाला सगळेच दचकतात म्हणे.

तुमचा भाऊ दचकला नाही. तो घटाघट प्याला, मिशी पुसली आणि म्हणाला, कडवटपणा बेताचा आहे, स्वच्छ बिअर आहे. धुराचा शब्दही नाही. ताई, तेव्हाच मला शंका आली.

तरी खात्री करून घ्यायची माझी खोड तुम्हाला माहीत आहे. घरून निघताना मी ओलोमोउत्सचं चीज बांधून आणलं होतं. त्याचा वास किती दूर जातो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. काल जवळच्या एका गावी गेलो तेव्हा आगगाडीत त्याच्या टोपीच्या अस्तरात एक चकती सरकवली. समोरच्या दोन जर्मन बाया आधी एकमेकींकडे, मग माझ्याकडे बघायला लागल्या आणि सामान उचलून दुसऱ्या डब्यात गेल्या. ओटाकर खूश, म्हणे पाय पसरायला जागा झाली. टोपी डोक्यावर ठेवूनच तो पेपर वाचत राहिला.

त्याला वास येत नाही, ताई. काहीच येत नाही. कधीपासून ते माहीत नाही, आणि विचारलं तर तो मोडून पडेल, म्हणून मी विचारत नाही. तो विचारतो, मी सांगते, तो वहीत लिहितो. पण अठ्ठावीस तारखेला काय? काय करू ते लिहा. आता कोलोन करून आम्ही ब्रूजला जाऊ, पत्र तिथल्या पोस्टात टाका.

तुमचीच, घाबरलेली
लिबुशे

*

कोलोन, २७ ऑगस्ट १९९२

ती. ताईस,
सा. न.

लिबुशे कॅथेड्रलचे जिने चढून वर गेली आहे. पाचशेच्या वर पायऱ्या आहेत म्हणून मी खाली बसलो. खरं तर तुला लिहायला एकांत हवा होता. हे पत्र तिच्या हाती पडता कामा नये.

फेब्रुवारीत ब्रुअरीच्या तळघरात बर्फावरून घसरून डोकं आपटलं होतं ना? टेंगूळ उतरलं, पण त्या दिवसापासून मला वास येत नाही. जिभेला कडू-गोड कळतं, बाकी काही नाही. आता कॅथेड्रलमध्ये धूप जाळत होते, मला धूर दिसला एवढंच. डॉक्टर म्हणाला, परत येईल किंवा येणार नाही. मे महिन्यात गावाने उस्ताद केलं तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं, पण बाहेर आलं ते आभाराचं भाषण.

मी एक लबाडी योजली आहे. प्रवासभर लिबुशेकडून वास वदवून घेतोय. तिचं नाक सोन्यासारखं आहे गं, लोणी, गवत, मध, सगळं वेगवेगळं सांगते. त्या दिवशी पहिला ग्लास हातात आला की थट्टेने तिच्या नाकाशी नेईन, ती सहज काही बोलेल आणि मी प्यायचं की ठेवायचं ते ठरवीन. कोणाला कळणार नाही, तिलाही नाही.

योजना चांगली आहे, फक्त ती आठवली की जेवण जात नाही. इथे वेटर न मागता टीचभर ग्लास आणून ठेवत राहतो. नको असेल तर रिकाम्या ग्लासवर खालचा पुठ्ठा झाकायचा. काल मी पहिल्याच ग्लासवर पुठ्ठा झाकला. लिबुशेने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं काहीच नाही. ती एरवी किती चौकस असते!

तुझ्या मायेवर अजून हक्क उरला असेल तर तो राखून ठेव.

तुझा
ओटा

*

पोडलिपी, १ सप्टेंबर १९९२

चि. ओटा आणि चि. लिबुशे, दोघांना मिळून एकच आशीर्वाद,

लिफाफा जाड का, ते आता कळलंच असेल. आत तुम्हा दोघांची पत्रं आहेत. तुझं तिला दे, तिचं तू वाच. एकाने म्हणायचं तिला सांगू नकोस, दुसरीने म्हणायचं त्याला सांगू नका. मी काय पोस्टाची पेटी आहे? मी एकोणसत्तर वर्षांची आहे. एक गुपित सांभाळायचं म्हटलं तरी मला धाप लागते, दोन कुठून सांभाळू?

विश्वासघात केला म्हणाल तर म्हणा. पण चौतीस वर्षं एका ताटात जेवणारी दोन माणसं एकमेकांना वाचवायला एकमेकांना फसवताहेत, हे मला पाहवत नाही. एका बाकावर बसा आणि वाचा.

ओटा, बाबांनी ग्लास अर्धा ठेवला होता तेव्हा त्यांना लाज वाटली होती, पण ते खोटं प्यायले नाहीत. एवढंच लिहिते.

तुमचीच, दोघांचीही
ताई

*

ब्रूज, ७ सप्टेंबर १९९२

ती. ताईस,
सा. न.

कालव्याकाठच्या बाकावर बसून पत्रं वाचली. टोपीतल्या चीजबद्दल वाचून मी भयंकर चिडलो, मग ती हसायला लागली आणि शेवटी दोघंही रडलो. नावेतून जाणारे प्रवासी आमचे फोटो काढत होते. माझं नाक गेलं याचा तिला राग नाही. तिचं नाक न विचारता वापरत होतो, याचा आहे. दोन दिवस ती माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलली.

बाबांचं तू बरोबर लिहिलंस. सोबत एक चिठ्ठी आहे, ती कोउबाच्या खानावळीत सगळ्यांसमोर वाचून दाखव. त्यात सगळं लिहिलंय, घसरण्यापासून लबाडीपर्यंत. त्यांनी शहरातून दुसरा उस्ताद आणावा, अजून तीन आठवडे आहेत. पहिला ग्लास मी घेणार नाही.

तुझा
ओटा

ता. क. ताई, इथे प्रत्येक बिअरला तिचा वेगळा ग्लास असतो, कपाटात शंभर तरी असतील. एरवी तुमच्या भावाने एकेक उचलून पाहिला असता. आता त्यांच्याकडे बघतही नाही. शिंपल्या मी सोलून दिल्या तेव्हा चार खाल्ल्या. गाव जे म्हणेल ते लगेच लिहा, वाईट असलं तरी. सतरा तारखेपर्यंत आम्ही इथेच आहोत. - लिबुशे

*

पोडलिपी, १३ सप्टेंबर १९९२

चि. ओटा, चि. लिबुशे,
अ. उ. आ.

आज रविवारची प्रार्थना संपल्यावर खानावळीत गेले. चाळीसेक माणसं होती. बँडवाल्यांनाही गप्प बसवलं आणि चिठ्ठी वाचली. एकही शब्द गाळला नाही. कोणी वर बघेना. कोउबा ग्लास पुसत होता, तो पुसतच राहिला आणि मग त्याने विचारलं, एवढंच लिहिलंय का?

मग तो म्हणाला की हे तर गावाला ईस्टरपासून ठाऊक आहे.

ईस्टरला त्याच्याकडे एक पीप कुबट निघालं होतं, बुरशीचा वास मारणारं. सगळ्यांनी एका घोटात ग्लास खाली ठेवले. तू मात्र तळापर्यंत प्यायलास, मिशी पुसलीस आणि दुसरा मागवलास.  कोउबाने ते पीप तुझ्या पाठीमागून गुपचूप बाहेर नेलं. त्यानंतर त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही, बायकांपाशीसुद्धा नाही. माझ्यापाशीही नाही. सख्खी बहीण, आणि मीच आंधळी!

मी खवळलेच. विचारलं, माहीत होतं तर मे महिन्यात याला उस्ताद का केलंत, थट्टा करायची होती का? कोउबाने टोपी काढली. म्हणाला, रूझेना, नाकं या गावात तीनशे आहेत. पण उकळत्या कढईचा आवाज ऐकून तिच्याखालचा जाळ कधी ओढायचा हे तुझ्या बापाच्या हाताखाली शिकलेला एकच माणूस उरलाय, आणि तो आमचा आहे. मागून कोणीतरी ओरडलं की त्या द्राक्षवाल्या लिबुशेलाही आणा, तिला जी बिअर आवडणार नाही ती नक्की चांगली असेल. मग सगळे एकदम बोलायला लागले आणि मला कोणीतरी खुर्ची दिली.

तर गावाने ठरवलंय ते असं. दुसरा उस्ताद येणार नाही. अठ्ठावीस तारखेला पहिला ग्लास तूच घ्यायचास, उभ्याने, सगळ्यांसमोर. फक्त तो आधी गावभर फिरेल. प्रत्येक जण हुंगेल, लोणी आहे की नाही ते मोठ्याने सांगेल आणि पुढच्याला देईल. शेवटचं नाक लिबुशेचं. तुझ्या हातात येईपर्यंत त्याच्यावर फेसाचा थेंब उरणार नाही, पण तेवढं तू सोसशील.

वाट बघते,
तुमची ताई