तळघरातली शेवटची बाटली आणि इतर जंगम मालमत्ता

मी, वैजयंती शिवराज बोळकोटे, वय वर्षे शहात्तर, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार रेल्वे लाईन्स, सोलापूर, हे माझे पहिले आणि, पुन्हा मनात काही आले नाही तर, शेवटचे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तसा दबाव आणू शकेल असा माणूस आमच्या घराण्यात अजून जन्मलेला नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याची खात्री शेजारच्या डॉ. पूनम यांनी केली आहे. माझ्याच आग्रहावरून त्यांनी माझ्या तोंडाचा वासही घेतला. सकाळपासून मी चहाखेरीज काहीही घेतलेले नाही. हा खुलासा कशासाठी, ते पुढे कळेल.

कलम १. राहता बंगला, त्याखालील तळघर आणि मागचे सीताफळाचे झाड माझी एकुलती एक मुलगी सोनाली हिला द्यावे. मात्र मागच्या खोलीत रंभाबाई यांना हयातीपर्यंत राहण्याचा हक्क राहील. रंभाबाई मूळच्या वेळापूरच्या. माझ्याकडे स्वयंपाकाला म्हणून आल्या आणि हळूहळू माझ्यावर देखरेख करू लागल्या. त्यांना त्या खोलीतून कोणी हलवू नये. हलणारही नाहीत.

या बंगल्यावर माझे धाकटे दीर श्री. सिद्धराम यांनी कोर्टात दावा लावला होता. तो आता नाही. का नाही, ते कलम ४ मध्ये आहे.

कलम २. बँकेतील ठेवी सोनालीच्या. माझी प्रयोगाची काचपात्रे, म्हणजे परीक्षानळ्या, नरसाळी, शंकुपात्रे, मी ज्या शाळेत शिकवले त्या शाळेला द्यावीत. त्यातून मोठे चंचुपात्र वगळावे. त्यातून दारू ओतली गेली आहे आणि शाळेला असे भांडे देणे मला प्रशस्त वाटत नाही.

कलम ३. माझे जावई ऋतुराज यांना फ्रिजमधला बर्फाचा साचा द्यावा. पुण्यात त्यांनी वाईन चाखण्याचा एक वर्ग केला आहे. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला मी त्यांच्यापुढे चाळीसहून अधिक वर्षे मुरलेल्या वाईनचा पेला ठेवला. त्यांनी तो गोल गोल फिरवला, डोळे मिटून हुंगला, "ठीक आहे, अजून कोवळी आहे," म्हणाले आणि त्यात बर्फाचे खडे टाकून वर कोला ओतला. जावई म्हणून माझे त्यांच्यावर प्रेम आहे. साचा मात्र त्यांनाच द्यावा आणि चार लोकांसमोर द्यावा.

कलम ४. आता मुख्य विषय.

माझे पती कै. शिवराज यांचा अक्कलकोट रोडवर टॉवेलचा कारखाना होता. जुने माग घ्यायला ते एकदा पोर्तुगालला गेले. तिथला माग विकणारा म्हातारा बोलका होता. बोलता बोलता त्याला कळले की यांची मुलगी सत्त्याहत्तर साली जन्मली. त्याने खुशीत मांडीवर थाप मारली. त्या साली तिकडे द्राक्षे अशी पिकली होती म्हणे की मुरवायची पोर्ट वाईन सगळ्यांनी मोठ्या हौसेने भरली. मूल जन्मते त्या सालची पेटी घ्यायची आणि त्याच्या लग्नात फोडायची, अशी तिकडची रीत. त्याने आपल्या घरातली एक पेटी यांना भेट दिली. गोव्याहून लोक आणतात ती गोड पोर्ट वेगळी. ही बाटलीतच म्हातारी होते, तळाशी गाळ सोडते आणि तिला घाई केलेली चालत नाही. पेटी मागांच्या सुट्या भागांबरोबर जहाजाने सोलापूरला आली. कागदावर तिला काय म्हटले होते ते मला ठाऊक नाही आणि आता कोणी शोधू नये.

यांनी जन्मात दारूचा थेंब घेतला नाही. सोनालीच्या लग्नात पेटी फोडणे म्हणजे अर्धी वरात मांडवातून माघारी. म्हणून ती तळघरात ज्वारीच्या पोत्यांमागे गेली, कारण उन्हाळ्यात घरात तेवढीच जागा गार. बाटल्या आडव्या. बाटली ठेवताना वरची बाजू वरच राहावी म्हणून त्या म्हाताऱ्याने प्रत्येक बाटलीवर चुन्याचा फटका ओढला होता. हे अधूनमधून खाली जाऊन पाहून येत. विचारले तर म्हणत, "ज्वारीला कीड लागली का बघत होतो."

हे गेले. वर्षभरात सिद्धरामभाऊजींनी दावा लावला. म्हणणे असे, की बंगला दोघा भावांच्या कारखान्यातून उभा राहिला. त्यात थोडे तथ्य होते, म्हणूनच मला जास्त राग आला. आमचे बोलणे बंद झाले. कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही दोन टोकांना बसायचो. भाऊजी आमच्या भागातल्या व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष. पानाच्या टपरीवरून ते चालत गेले तर गिऱ्हाईक तोंडातले पान गिळत असे.

एका वैशाखात रंभाबाई खालून ओरडल्या, "बाई, एका बाटलीचं बूच पाझराय लागलंय!" पाझरणारी बाटली ठेवून चालत नाही, ती प्यावीच लागते. पण शिक्षिकेने बेकायदा कसे प्यावे? मी दारूचा परवाना काढायला गेले. खिडकीवरच्या मुलाने अर्ज पाहून विचारले, "कुणासाठी ओ आजी?"

"माझ्यासाठी."

"औषधाला का?"

"नाही. आवडली तर आवडीला."

त्याने मला आजन्म परवाना द्यायची व्यवस्था केली. गाडीचा परवाना मी कधी काढला नाही. माझ्या नावावर हा दारूचा तेवढा एकच आहे आणि तो मोठा करून भिंतीवर लावला आहे.

बाटली उभी करून ठेवली, गाळ खाली बसू दिला. बूच काढायला गेले तर ओल्या खोबऱ्यासारखे तुटले. मग अर्धे बूच आत, अर्धे बाहेर, आणि धुतलेल्या मलमलीचा तुकडा नरसाळ्यावर. रंभाबाईंनी बाटलीच्या मानेमागे मोबाईलची बॅटरी धरली. उजेडात मानेतून जाणारी लाल धार पाहत मी चंचुपात्रात ओतू लागले. आयुष्यभर वर्गात गढूळ पाण्यावर निवळणे शिकवले होते. पहिल्यांदाच निवळलेले पाणी पिण्याजोगे निघाले. गाळाची पहिली काळी रेघ मानेकडे आली तशा रंभाबाई किंचाळल्या, "थांबा, थांबा, चिखूल आला!" मी थांबले.

लगेच प्यायची नसते, थोडा श्वास घेऊ द्यायचा असतो. तरी आम्ही एकेक चमचा चाखला. रंभाबाई म्हणाल्या, "ह्ये तर खोकल्याचं औषिद हाय की." मग पुन्हा चमचा पुढे केला. "पर लई चांगल्या डाक्टरचं हाय."

मला विचाराल तर आधी काळ्या मनुका लागल्या, मग सुके अंजीर, मग वैरागच्या बाजारात चिंचेच्या पोत्याजवळ उभे राहिल्यासारखे काहीतरी, आणि सगळे गेल्यावर जिभेच्या मागे जायफळ. ते जायफळ बराच वेळ जाईना.

तेवढ्यात दार वाजले. भाऊजी. इतक्या वर्षांनी, भर उन्हात, घामाने निथळत, काखेत तडजोडीची कागदपत्रे. मी सही करावी आणि अर्धा बंगला सोडावा, असा बेत. ओट्यावर लाल भरलेले चंचुपात्र होते. त्यांनी ते पाहिले.

"काय ओ वहिनी, आमसुलाचं सरबत का?"

मी खोटे बोलले नाही. "उन्हात बरं वाटेल. घ्या," एवढेच म्हणाले आणि पेला भरला. रंभाबाई पदर तोंडाला लावून मोरीत गेल्या.

भाऊजींनी एक घोट घेतला. थांबले. पेल्यात पाहिले. माझ्याकडे पाहिले. मी वाट पाहत होते, आता काय होते त्याची. ते हळूच खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चांगलं झालंय. जायफळ घातलं का?"

"आपोआप येतं."

"असं?" म्हणाले आणि पेला पुढे केला.

दुसऱ्या पेल्यावर त्यांनी मला यांच्या लहानपणची गोष्ट सांगितली. सिद्धेश्वराच्या जत्रेत दोघे भाऊ हरवले. यांनी धाकट्याला खांद्यावर घेतले आणि घाबरू नये म्हणून जत्राभर खोटेच सांगितले की, "आपण हरवलो नाही, आई हरवलीय. तिला शोधतोय." हे मला पन्नास वर्षांत कोणी सांगितले नव्हते. भाऊजी उठले तेव्हा ऊन कलले होते. कागदपत्रे खुर्चीवरच राहिली. त्या संध्याकाळी मंडळाच्या सभेत ते फारच तळमळीने बोलले, असे शेजारच्या कल्लप्पांनी सांगितले.

पुढच्या उन्हाळ्यात शेंगापोळ्यांचा डबा घेऊन आले. "वहिनी, यंदा सरबत कधी?" शेंगापोळीबरोबर ही वाईन जशी लागते तशी दुसऱ्या कशाबरोबर लागत नाही, हा शोध भाऊजींचा. त्याचे श्रेय त्यांना द्यावे. त्यानंतर दर उन्हाळ्याला एक बाटली. आम्ही तिला सरबतच म्हणत राहिलो. दावा मात्र चालूच होता. सकाळी कोर्टात एकमेकांकडे पाठ आणि दुपारी माझ्या ओट्यापाशी एक बॅटरी धरणार, एक ओतणार.

एकदा असेच ओतत असताना, बॅटरी त्यांच्या हातात, ते म्हणाले, "ही पेटी कारखान्यात मीच उघडली होती ओ."

माझा हात हलला, थोडा गाळ पात्रात गेला.

"म्हणजे पहिल्या दिवसापासून तुम्हांला ठाऊक होतं?"

"पहिल्या घोटाला. त्या दिवशी पेटीतलं बघून दादा म्हणाला होता, सिद्धू, कुणाला बोलू नको, म्हातारपणी आपण दोघं बघू कशी लागते. नंतर राहूनच गेलं."

"मग सरबत कशाला म्हणालात?"

"अध्यक्ष हाय की मी," ते म्हणाले. मग बॅटरी विझवली. "कोर्टात बसलो की दादाचा हिस्सा आठवतो. हितं बसलो की दादा आठवतो."

त्या महिन्यात त्यांनी दावा काढून घेतला. मी मागितले नव्हते, त्यांनी सांगितले नाही. वकिलाकडून कळले. मी त्यांना धन्यवाद दिले नाहीत. बंगल्याच्या गच्चीवर यांच्या आणि त्यांच्या नावाची एकच पाटी लावून घेतली. ती सोनालीने काढू नये.

वरील मजकूर लिहिण्यास भाऊजींची संमती घेतली आहे. "लिहा की," म्हणाले. "वाचतील तेव्हा तुम्ही नसाल. मंडळाला तोंड मलाच द्यायचंय, पण ते माझं मी बघीन."

कलम ५. सत्त्याहत्तर सालची एकच बाटली उरली आहे. वयाने ती सोनालीची जुळी बहीण. ती सोनाली आणि सिद्धरामभाऊजी या दोघांना मिळून द्यावी. वाटून देता येणार नाही, मिळूनच. माझे दिवसकार्य आटोपल्यावर ती दोन दिवस उभी ठेवावी. चुन्याचा फटका ज्या बाजूला आहे, त्याच्या उलट बाजूला गाळ असतो, हे विसरू नये. एकाने बॅटरी धरावी, दुसऱ्याने एका दमात, न थांबता, न हलवता ओतावे. गाळ दिसताच थांबावे. राहिलेल्या घोटाची हाव धरू नये. उघडल्यावर दोन दिवसांत संपवावी. ती पुन्हा झाकून ठेवायची वस्तू नव्हे. रंभाबाईंना त्यांचा चमचा द्यावा. ऋतुराज यांना एक पेला द्यावा. त्या दिवशी फ्रिज बंद ठेवावा.

कलम ६. ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार करू नये, असे हे मृत्युपत्र लिहून घेणाऱ्या वकीलबाई म्हणतात. म्हणून डॉ. पूनम आणि कल्लप्पा यांना मी काही ठेवलेले नाही. दोघांनी याची तजवीज माझ्या हयातीतच केली आहे. एकाने लिंबाच्या लोणच्याची बरणी नेली आणि एकीने माझी शिडी.

हे कलम लिहिले जात असताना सिद्धरामभाऊजी दारात आले. त्यांना बसवून कलम ५ वाचून दाखवले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आणि मी आधी गेलो तर ओ वहिनी?"

वकीलबाईंनी पेन उचलले. "तशी तरतूद करावी लागेल. त्यांचा हिस्सा कोणाकडे जाईल ते लिहू या."

"नाही लिहायचं," मी म्हणाले.

"अहो, पण कायद्यानं..."

"हे मृत्युपत्र माझं आहे. यात माझ्या मर्जीप्रमाणेच घडेल. मर्जी अशी आहे की भाऊजींनी आधी जायचं नाही."

भाऊजींनी वकीलबाईंकडे पाहिले. वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिले. भाऊजींनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

"व्हय," म्हणाले. "लिहा तसं."

त्याप्रमाणे लिहिले आहे. श्री. सिद्धराम बोळकोटे यांनी माझ्या आधी जाऊ नये. त्यांना ही अट मान्य आहे.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्याच शब्दांत आहे, आणि सही थोडी वाकडी आली आहे ती केवळ पेन नवे असल्यामुळे.

सही: वैजयंती शिवराज बोळकोटे

साक्षीदार, ज्यांनी माझी सही प्रत्यक्ष पाहिली व माझ्यासमोर आपली केली:
१. डॉ. पूनम हत्तुरे, रेल्वे लाईन्स, सोलापूर
२. कल्लप्पा मेंडगुदले, रेल्वे लाईन्स, सोलापूर

ठिकाण: सोलापूर
दिनांक: ११ एप्रिल २०२५