मागची खुर्ची

दादा,

धाकटी म्हणून नमस्कार करते, मनापासून नव्हे.

मी बरी आहे. शाळेतली माझी खोली उबदार आहे, आईला सांग.

शिकणं जड जाणारी जी मुलं मी शाळेत तपासते, त्यांनाच माझ्या कादंबरीत घालते, असं तू नातेवाइकांत सांगत सुटलायस. त्यांच्या फायली कपाटात कुलूपबंद असतात. कादंबरीतला बाप मात्र तूच आहेस. चाचणीला मी पालकांची खुर्ची मुलाच्या मागे ठेवते, ओठ हलवून उत्तरं सुचवू नयेत म्हणून. तुझ्या लेकीला, छकुलीला, आणलंस तेव्हा तू मागूनसुद्धा प्रत्येक उत्तर मोठ्याने दिलंस.

आता ती वाचते का? अडखळली की अजून खेकसतोस?

या पत्राला तू उत्तर देऊ नकोस. तिला लिहू दे. आणि तिच्या चुका सुधारल्यास तर याद राख.

नाइलाजाने तुझीच,
धाकटी