दाराऐवजी गोणपाट

३ एप्रिल, गुरुवार
आजपासून नोंदी. मोठे सिस्टीम ॲडमिन ठेवतात. दूध संस्थेच्या चार हजार गाईंची कुंडली (आई कोण, वळू कोण, लस कधी) आता माझ्या लिनक्स सर्व्हरवर. अकरा वर्षं भागिरथीबाई हे सगळं रजिस्टरात लिहायच्या. सोमवारी रिटायर झाल्या. जाताना म्हणाल्या, कचरू, वह्या तेवढ्या ऱ्हाऊ दे रं. ठेवतो म्हणालो. काल रद्दीवाला येऊन गेला. त्यांच्या कपाटाच्या जागी सर्व्हर ऐटीत बसलाय.

४ एप्रिल
अडचण एकच. शिंगणापुरात खोलीला दार नाही. चेअरमनना म्हणालो, निदान काचेचं लावू. ते म्हणाले, शनिदेवाच्या गावात दार? तुजं मशीन कोन न्हेतंय? प्रश्न चोरीचा नाही, उष्णतेचा आहे. एसी लावला तर अख्खं शिवार गार होईल.

११ एप्रिल
४२ अंश. सर्व्हर मंद. गुरांच्या डॉक्टर माधुरी मॅडम म्हणाल्या, एक गाय शोधेपर्यंत माझा चहा होतो. झोंबलं. दिवसभर ट्यूनिंग. नोंद आधी मेमरीत, डिस्कवर मागाहून, सवडीने. वेग तिप्पट! लाइट गेली तर नोंदी जातात, असं पुस्तकात लिहिलंय. लिहिणाऱ्याकडे यूपीएस नसेल. माझ्याकडे आहे. बॅटरी बदलायची आहे.

१६ एप्रिल
सुचलं! दाराच्या जागी ओलं गोणपाट, शेजारी नेवाशाच्या गनीभाईचा कूलर. गनीभाई म्हणाला, मशीनला वल्ली हवा चालत न्हाई, भाऊ. कूलर विकणाऱ्याला सर्व्हरचं काय कळणार. तापमान ४७ वरून ३३. शिवाय गोणपाट म्हणजे दार नव्हे, देवाचीही हरकत नसावी.

२२ एप्रिल
चारपैकी एका डिस्कचा दिवा पिवळा. काळजी नाही. एक गेली तरी तिघी निभावून नेतात, म्हणून तर चार घेतल्या. मॅडमनी विचारलं, बॅकअप आहे ना? म्हटलं, हाच बॅकअप. नवी डिस्क सोमवारी मागवणार, नक्की. दिव्यावर चिकटपट्टी लावली. येणारे-जाणारे उगाच विचारतात.

२४ एप्रिल
लाइट गेली. यूपीएसने एकच शिट्टी मारली. आजच्या लसीच्या नोंदी गेल्या. एकाच दिवसाच्या. वर्षात असे ३६४ उरतात.

२८ एप्रिल, सोमवार
उन्हामुळे डिस्क मागवायचं राहिलं. गोणपाट दुहेरी केलं. ३० अंश! भंडारदऱ्याला बसल्यासारखं वाटतं.

६ मे, सकाळी ११
दुसरा दिवा पिवळा. चिकटपट्टी संपली.

६ मे, ११.२०
सर्व्हर बंद. उघडून पाहिलं. पाणी कुठेच नाही, नुसता ओलावा. डिस्कच्या टोकांवर हिरवट पूड.

८ मे
डिस्क घेऊन पुण्याला गेलो. दुकानदार म्हणाला, दोन गेल्यावर उरलेल्या दोघींवर नुसते तुकडे असतात. काही निघणार नाही. मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, उद्या साठ गाई भरवायच्यात, कुणाला तिच्याच बापाचं वीर्य जात नाही हे मी कशावरून ठरवू? रद्दीवाल्याला फोन केला. वह्यांचा केव्हाच लगदा झालाय.

१० मे
नवी वही घेऊन भागिरथीबाईंच्या घरी गेलो. वाजवायला दार नाही, उंबऱ्यापाशी नुसता उभा राहिलो. ये की, म्हणाल्या. त्यांना काही बोललो नाही; म्हटलं, मशीनशी ताळा करायचाय. खूश झाल्या. ओसरीवर बसून सांगू लागल्या: चंद्री, तिची आई तांबू, तांबूची आई ढवळी, प्रत्येकीचा वळू, सालासकट. मी लिहीत गेलो. वाटलं, होईल. दिवसाला शंभर धरल्या तर चाळीस दिवस.
एकतिसाव्या गाईला त्या थांबल्या. कपाळ चोळलं.
मग म्हणाल्या, आता लई ध्येनात ऱ्हात न्हाई रं. फुडचं माज्या वह्यांत बघ.
बघतो म्हणालो.