उजवीकडची सीट

आई,

आधी मुद्द्याचं सांगते, बाकीचं सावकाश. खकनारच्या रस्त्यावर जे झालं ते तुझ्या शब्दामुळे झालं नाही. बाबांनी तुझा शब्द बरोबर ऐकला होता, बरोबर समजला होता आणि ब्रेकही दाबला होता. ब्रेक लागला नाही. बस, एवढंच होतं ते. तुला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली आणि मला हे कळलं या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या घरच्या रीतीप्रमाणे उशिरा, सगळं उरकल्यावर. आता घोटभर पाणी पी आणि पुढचं वाच.

तुझी सवत चालू झाली आहे. काका आखातातून परत येताना जहाजावर घालून आणलेली ती दोन दारांची, लांब नाकाची केशरी गाडी. ते परत गेले आणि ती बाबांच्या गळ्यात पडली, किंवा बाबा तिच्या गळ्यात पडले असं म्हणू. तिचं खरं नाव बुऱ्हाणपुरात कुणाच्या जिभेवर बसेना म्हणून ती जपानीण झाली, आणि तू पहिल्याच दिवशी तिला सवत म्हणून मोकळी झालीस. पण त्या सवतीत बसायला तुला किती आवडायचं हे मी मागच्या चिमुकल्या सीटवरून पाहिलेलं आहे. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे बाबा डावीकडे आणि तू उजवीकडे. आपल्याकडे उजवीकडे बसतो तो गाडी चालवतो, हे लहान पोरालाही ठाऊक. लोधीपुऱ्याच्या गल्लीतून गाडी निघाली की बायका ओट्यावर येऊन बघत राहायच्या, कारण उजवीकडे तू बसलेली, डोक्यावर पदर, दोन्ही हात मांडीवर. एका म्हातारीने तुला थांबवून विचारलंही होतं, की बाई, हात न लावता गाडी चालवायला तू कुठे शिकलीस. तू तिला म्हणालीस, सासरी. बाबा पुढे कितीतरी दिवस हे लोकांना सांगत हसत होते.

गावात गंमत होती, पण बाहेरच्या रस्त्यावर तुझं बसणं कामाचं होतं. डावीकडे बसलेल्या माणसाला पुढच्या ट्रकच्या पलीकडचं काही दिसत नाही. मागे टाकायचं तर उजवीकडच्याने खिडकीतून वाकून बघायचं आणि सांगायचं. तू वाकायचीस, पदर दातात धरायचीस आणि रस्ता मोकळा असला तर म्हणायचीस, 'चला.' समोरून काही येत असलं तर म्हणायचीस, 'जाऊ द्या.' म्हणजे त्या ट्रकला जाऊ द्या, आपल्याला कुठे घाई आहे. आता विचार केला तर हसू येतं, कारण याच रस्त्यावरचे क्लीनर ट्रकच्या पत्र्यावर थाप मारून 'जाने दो, जाने दो' म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ हाण पुढे असा असतो. एकच शब्द, एकाचा थांब आणि दुसऱ्याचा नीघ. तुमच्या दोघांत मात्र त्याचा घोटाळा कधी झाला नाही. तू म्हणायचीस आणि बाबांचा पाय ब्रेकवर जायचा, मागे बसून मला तो हलका झटका कळायचा.

त्या दिवशी मी शाळेत होते, त्यामुळे मला जे माहीत आहे ते ऐकलेलं. खकनारला बारशाला निघाला होतात तुम्ही. पुढे केळीचा ट्रक होता. तू वाकलीस, समोरून बस येताना दिसली, तू 'जाऊ द्या' म्हणालीस, आणि गाडी थांबायच्या ऐवजी सरळ उजवीकडे बाहेर पडली. बस अंगावर यायच्या आत बाबांनी ती रस्त्याच्या पलीकडे, केळीच्या बागेत घातली. बांधावर नाक आपटलं. तुझ्या फक्त बांगड्या फुटल्या. बाबांचा डावा गुडघा गेला. ते महिने मला आठवतात ते घरच्या कापडाच्या मागांच्या खटखटीशिवायचे, कारण बाबा खाटेवर आणि आपले माग बंद. पुढे बाबा उठले, पाय ओढत का होईना पण मागांमधून फिरू लागले. ट्रॅक्टरने ओढून आणलेली गाडी मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. तू त्या शेडकडे फिरकली नाहीस. वाळवणाला ऊन सगळ्यात चांगलं तिथेच लागायचं, तरी तू कुरडया अंगणातल्या सावलीच्या कडेलाच घालायचीस आणि त्या लवकर वाळत नाहीत म्हणून चिडायचीस.

आणखी एक गोष्ट तू केलीस, जी माझ्या फार उशिरा लक्षात आली. आपल्याकडे उठता बसता माणसं 'जाऊ दे' म्हणतात. दूध नासलं, जाऊ दे. जावई बोलला, जाऊ दे. त्या शब्दावर तर अख्खा संसार चालतो. तू तो बोलायचं सोडून दिलंस. तू 'राहू दे' म्हणायला लागलीस. भाजीवाल्याला राहू द्या, बाबांना राहू द्या, परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून मी रडत आले तेव्हाही राहू दे गं. मला वाटायचं ही तुझी माहेरची लकब असेल. तुझ्या शेवटच्या हिवाळ्यात तू स्वयंपाकघरात खुर्ची टाकून तुरीच्या शेंगा सोलत होतीस आणि मी भरताची वांगी भाजत होते. बाबा बाहेरून पाय ओढत गेले. तो आवाज लांब जाईपर्यंत तू थांबलीस आणि शेंगांकडे बघतच बोललीस. "मी जाऊ द्या म्हटलं, आन् त्यांनी गाडी घातली. माह्या एका शब्दापायी त्यांचा पाय गेला." मी म्हटलं, मग बाबांना विचारून टाक ना एकदाचं. तू मान हलवलीस. "ते नाहीच म्हणतील. आन् त्यांचं नाही मले खरं वाटणार नाही." तूही त्यांना काही बोलू नको, असं मला बजावलंस. वांगं जळल्याचा वास आला म्हणून मी ते फिरवलं.

म्हणून तुला आता जे सांगते त्यात बाबांचा शब्द नंतर येतो. आधी वस्तू येते.

दोन वर्षांपूर्वी मी ताडपत्री काढली. केळीच्या वेफर्सचा माझा कारखाना आता माझ्याशिवायही चालतो, मुलं आपापल्या गावी, आणि मला जुन्या गाडीचा छंद लागलाय असं मी सगळ्यांना सांगितलं. गल्लीतल्याच मिस्त्रीला बोलावलं. त्याने आत डोकं घातलं, बाहेर काढलं आणि म्हणाला, हिच्यात गाडी कमी, उंदीर जास्त आहेत. खरंच, वायरिंग सगळं कुरतडलेलं होतं. इंजिन बसलेलं होतं. सिलिंडरमध्ये तेल आणि डिझेल ओतून आम्ही वाट बघत बसलो, रोज पान्याने थोडा जोर लावायचा, हललं नाही की गुपचूप झाकण लावून घरी. एका सकाळी पाना बोटभर फिरला आणि मिस्त्रीने कानाला हात लावला. खालचा पत्रा गंजून चाळण झाला होता, तो कापून नवा जोडला. दोन्ही कार्ब्युरेटर उघडून धुतले. दारांच्या रबरी पट्ट्या थेट जपानहून मागवल्या. तिथे अजून त्या बनवतात, आई, इतक्या जुन्या गाडीच्या, आणि आपल्याकडे परवाच्या मिक्सरचं भांडं मिळत नाही. पेट्रोलच्या नळ्याही बदलाव्या लागल्या, कारण आता पेट्रोलमध्ये जे मिसळतात ते जुनं रबर खातं. पुढचं नाक ठोकून सरळ केलं. त्यावर बांधाची माती अजून होती.

मग या उन्हाळ्यात ब्रेकची पाळी आली. पेडलच्या पुढे एक नळकांडं असतं, त्यात रबराच्या छोट्या वाट्या असतात. पाय दाबला की त्या तेलाला पुढे ढकलतात आणि चाक थांबतं. मिस्त्रीने ते उघडलं, वाट्या तळहातावर घेतल्या आणि बोटाने दाबून बघितल्या. भिजत घातलेल्या वालासारख्या त्या फुगल्या होत्या आणि कडा उलट्या वळल्या होत्या. मी म्हटलं, इतकी वर्षं पडून खराब झाल्या असतील. तो म्हणाला, "नाही दीदी. पडून पडून रबर सुकतं, आक्रसतं. ये तो फूला हुआ है. ब्रेक के डिब्बे में लूम का तेल किसने डाला?" मी विचारलं, त्याने काय होतं. त्याने साध्या शब्दांत सांगितलं, की ब्रेकचं तेल वेगळं असतं, मागाचं तेल गेलं की या वाट्या फुगतात, पिलपिल्या होतात, थोडे दिवस काम करतात आणि मग एक दिवस पाय दाबला की पेडल नुसतं खाली जातं. मी तिथेच शेडच्या उंबऱ्यावर बसले. मिस्त्रीला वाटलं मला ऊन लागलं. त्याने पाणी आणून दिलं.

त्या वाट्या स्टीलच्या वाटीत घालून मी ओट्यावर बाबांकडे नेल्या. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकायला कमी येतं, नाक मात्र शाबूत आहे. वास घेऊन लगेच म्हणाले, हे तर आपल्या मागाचं तेल. कुठे सापडलं ते मी सांगितलं. त्यांनी एक वाटी बोटांत धरून दाबली. मग सांगू लागले, की ब्रेकच्या डब्यात तेल कमी दिसत होतं, खरं ब्रेकचं तेल इंदूरहून मागवावं लागलं असतं, आणि शेडमध्ये मागाच्या तेलाचा डबा भरलेला होता, तेच ओतलं. घरातला पंखा, तुझी शिलाई मशीन, दाराच्या बिजागऱ्या, सायकल, सगळं त्याच तेलावर चालत होतं. तेल ते तेल. लोधीपुऱ्यातल्या कुठल्याही मागवाल्याने हेच केलं असतं.

मग मी विचारलं, जे तू कधी विचारलं नाहीस. आईने जाऊ द्या म्हटलं तेव्हा तुम्हाला काय समजलं?

"थांबा म्हणे ती. दुसरं काय?" बाबा म्हणाले. "तिचं मले बराबर समजलं होतं. मी पाय दाबला. ट्रक तर समोर हळू झालेला. डावीकडे नाला. मग काय करतो, उजवीकडे काढली."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"काय बोलू, बेटा? मले वाटलं माही चप्पल सरकली. गावभर गाडीचा तोरा मिरवला आन् पाय घसरून बायकोले मारणार होतो. ती पुन्हा गाडीत बसली नाही, तं मी म्हटलं बराबर आहे तिचं."

मी त्यांना तुझ्या शेंगांच्या दिवसाचं सांगितलं. कानाशी तोंड नेऊन, दोनदा. तू बोलू नको म्हणाली होतीस, पण आता पुरावा वाटीत होता. ते आधी हसले. मागवाल्याने गाडीलाही मागच समजलं, म्हणाले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि मग त्यात हसू राहिलं नाही. म्हणाले, म्हणून ती राहू द्या म्हणायची होय? त्यांनी ऐकलं होतं, आई. तू शब्द बदललास ते त्यांच्याही कानावर होतं, फक्त विचारलं नाही. मला त्या क्षणी तुम्हा दोघांचा इतका राग आला. एका घरात, एका तव्यावरची भाकरी खात, एकजण आपल्या पायाला दोष देत होता आणि एकजण आपल्या जिभेला, आणि शेडमध्ये तेल आपलं गप्प बसलेलं. एकदा भांडला असतात तर सुटला असतात. पण राग संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. त्या रात्री बाबा दोन भाकरी जास्त जेवले आणि मला किती तरी दिवसांनी गाढ झोप लागली.

गाडी काही रोज निघत नाही. रविवारी काढते, आधी इंजिन गरम होऊ देते, ब्रेकच्या डब्यात डोकावते, तेल नेहमी सीलबंद डब्यातलंच. बाबांना मी शेडमध्ये एकटं सोडत नाही, त्यांचा काय भरवसा. गेल्या महिन्यात आम्ही खकनारला जाऊन आलो. मी डावीकडे, बाबा तुझ्या जागेवर. लोकांना वाटलं म्हाताराच चालवतोय, एकाने मोटरसायकल शेजारी आणून त्यांना नमस्कार केला, आणि बाबांनी तो घेतलासुद्धा. त्या बागेपाशी आलो तेव्हा मी गाडी हळू केली. बाबा म्हणाले, केळी बरी आली आहेत यंदा. पुढे गेलो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे मला माहीत आहे. तुझा पत्ता कुणाकडे नाही. पण एक कबूल करून टाकते. मला गाड्यांचा छंद वगैरे काही नाही. स्टिअरिंग जड आहे, आत उकडतं, कंबर धरते, माझी स्कूटी बरी. मी ती उघडली ती त्या अपघाताचं तुझ्या शब्दाशिवाय दुसरं कारण शोधायला. एकेक भाग खोलताना मी तेवढंच बघत होते. आणि त्या वाट्या चांगल्या निघाल्या असत्या, ब्रेक अगदी ठणठणीत निघाला असता, तरी मी तुला हेच पत्र लिहिलं असतं, शब्दन् शब्द हेच. खोटं लिहावं लागलं नाही, एवढी देवाची कृपा.