भेगेवरची काच

९ जानेवारी

चि. धाकट्यास ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तू इथून गेल्याला आठवडा होत नाही तोच तुझी संस्था तुला भूकंप झालेल्या बेटावर पाठवते आहे, हे वाचून मला मुळीच नवल वाटलं नाही. लहानपणी तू जिना उतरायला लागलास की खालच्या मजल्यावरची म्हातारी फळीवरच्या बरण्या धरून उभी राहायची. हा मुलगा पुढे भूकंपामागे हिंडून पोट भरणार, हे तेव्हाच कोणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं.

बाकी तू आलास, पोटभर जेवलास आणि खाल्ल्या घरचे वासे मोजून गेलास. आजवर ही म्हण नुसती ऐकली होती, सख्ख्या भावाने ती करून दाखवली. हातात टॉर्च काय, भिंतीला कान लावणं काय. तुझे भाऊजी म्हणाले की डॉक्टर भिंतीची नाडी बघतोय, फी आधी विचारून घे. अरे, माझ्या शिवणवर्गाच्या मागच्या भिंतीला भेग आहे हे मला ठाऊक नव्हतं का? शेजारच्याने तळघरासाठी खड्डा खणला तेव्हापासून ती आहे. मी तिच्यावर कॅलेंडर लावलं होतं आणि आम्ही दोघी सुखात होतो.

तू भेगेवर आडवी चिकटवून गेलास ती काचेची पट्टी जागेवर आहे. ती लावताना बोट कापून घेऊन माझं पांढरं अस्तर रक्ताने भरवलंस, तो डाग मात्र अजून निघालेला नाही. तुझी अट पाठ आहे. भिंत सरकली तर काच तडकेल, आणि काच तडकली तर त्याच दिवशी वर्ग बंद करून आम्ही दोघांनी तुझ्याकडे राहायला यायचं. शब्द दिलाय, पाळीन. पण खरं सांगू, धाकट्या? ही खोली गेली तर मी शिकवणार कुठे? त्या मुली आणि ती यंत्रं, एवढंच माझं जग आहे. तुझ्याकडे येऊन काय करू, तुझ्या बायकोच्या पडद्यांना किनारी लावत बसू? म्हणून रोज सकाळी त्या काचेकडे बघते आणि तिला म्हणते, बाई, जरा धीर धर.

गरम कपडे घालत जा. लोभ आहेच, तो मी पत्रांच्या संख्येवरून मोजते, हे लक्षात असू दे.

तुझी ताई


३ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

अस्तराबद्दल क्षमा असावी. बोट बरं झालं, अस्तर नाही, हे तुझ्या दृष्टीने उलटं व्हायला हवं होतं.

बेटावरचा भूकंप एवढा मोठा की त्याचा आकडा पेपरात पहिल्या पानावर. पण पडलं काय, तर शाळेचं कुंपण आणि एका न्हाव्याचा आरसा. जमिनीत फार खोल झाला होता तो. एवढ्या लांबून येऊन तुम्हाला बघायला काहीच नाही, म्हणून बिचारे लोक मलाच दिलासा देत होते. तिथून या डोंगरातल्या गावी आलो. याचा आकडा लहान, पेपरात चार ओळी, आणि अर्धं गाव जमीनदोस्त. हा अगदी वरच्या थरात झाला आणि घरं सगळी भुसभुशीत मातीवर. आकड्यावर जाऊ नये हे पुस्तकात वाचलंय, तरी दर वेळी पायाखाली विटा लागल्या की नव्याने कळतं.

आमचं काम तुला ठाऊक आहे. घरोघर जायचं, भिंती बघायच्या आणि दारावर कागद चिकटवायचा. हिरवा म्हणजे राहा, लाल म्हणजे पुन्हा आत पाऊल टाकू नका. इथला एक पाववाला माझ्याशी तास तास भांडला. म्हणे भट्टी शाबूत आहे, म्हणजे घर शाबूत. शेवटी मी भट्टीला हिरवा आणि घराला लाल कागद लावला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर घर उतरवायला घेतलंय आणि हा पठ्ठ्या उघड्यावर उभा राहून पाव भाजतोय. मलाही एक दिला, करपलेला.

एक गंमत सांगतो. मी फक्त एवढंच म्हणतो की घर सोडा. दुभाष्या तेच पाच-सहा वाक्यांत सांगतो आणि समोरची बाई रडायला लागते. तो मध्ये काय घालतो कोण जाणे. मला विचारायचा धीर होत नाही.

काचेचं काय? भाऊजींना नमस्कार. लोभ वाढवावा आणि टोमणे घटवावेत ही विनंती.

तुझा धाकटा


२० सप्टेंबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

मधली तुझी दोन्ही पत्रं पोचली. या वर्षी धरणीने काय मनावर घेतलंय कळत नाही. बेट झालं, डोंगर झाला, मग ते वाळवंटाकाठचं गाव, आणि आता समुद्रकाठचं एवढं मोठं शहर. पेपरात भूकंप आला की तुझे भाऊजी चष्मा पुसतात आणि मेहुण्याची बदली झाली म्हणून मोठ्याने जाहीर करतात.

तुझी काच ठणठणीत आहे. दर आठवड्याला मी स्वतः पुसते. आणि एका बाबतीत तुझी माफी मागायला हवी. तुला मी जन्मभर धसमुसळा म्हणत आले, पण पट्टीच्या कडा घासून इतक्या गुळगुळीत केल्या आहेस की बोट फिरवलं तरी रेशमासारखी लागते. असल्या काचेवर बोट कापून घ्यायला मात्र तुझ्यासारखाच माणूस लागतो.

आता माझं गाऱ्हाणं ऐक. फोटोफ्रेमचं दुकान विकल्यापासून तुझ्या भाऊजींनी माझ्या वर्गात मुक्काम ठोकला आहे. आधी उजेड चांगला मिळेल म्हणून सगळी यंत्रं पुढे खिडकीशी सरकवली. मग मागच्या भिंतीला टेकून स्वतःची खुर्ची टाकली आणि वर्ग सुटेपर्यंत तिथून हलायचं नाव नाही. पेपर वाचतात, पेंगतात, आणि कोणी मुलगी कापड बेतायला मागे गेली की तिला पुढे पिटाळतात. मुलींनी त्यांचं नाव चौकीदार ठेवलंय. मी सांगून दमले, की पुरुषमाणसाने बायकांच्या वर्गात असं ठाण मांडून बसू नये. हूं म्हणतात आणि पान उलटतात. पालथ्या घड्यावर पाणी.

घाईगर्दी नावाची माझी एक विद्यार्थिनी आहे. खरं नाव वेगळं, पण काम पाहून हे मीच ठेवलं. तिने काल तिसऱ्यांदा बाही उलटी जोडली. तुझी आठवण झाली.

जपून राहा. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझी ताई


४ ऑक्टोबर

ती. भाऊजींस सा. न. वि. वि.

तुम्हाला वेगळं पत्र लिहिण्याची ही पहिलीच वेळ, तेव्हा आधी खाली बसा. बसलेलेच असाल, असं ताईच्या पत्रावरून दिसतं.

ताईने काचेच्या कडांची फार तारीफ केली आहे. भाऊजी, मी लावलेली पट्टी तुमच्या अडगळीतल्या फुटक्या तावदानाची होती, करवतीसारख्या कडांची. म्हणून तर बोट कापलं. मी ती घासली नव्हती. त्या घरात काचेची कड कच्ची राहिली तर ज्याला जेवण जात नाही, असा एकच माणूस आहे.

काच कितीदा तडकली? इथले फोन अजून मुके आहेत. तारेने कळवा. मी गमतीत लिहितोय, पण मला इथे झोप लागत नाही.

कृपा असावी, आणि या वेळी ती लवकर असावी.

आपला धाकटा


१५ ऑक्टोबर

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तार करायला गेलो होतो. पण खिडकीशी बसणाऱ्या बाबूची मुलगी तुझ्या ताईच्या वर्गात आहे. मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली असती. म्हणून पत्र.

काच तीनदा तडकली. पहिल्या वेळी वाटलं थंडीने असेल. दुसऱ्या वेळी वाटलं माझाच धक्का लागला. तिसऱ्या वेळी असलं काही वाटेनासं झालं. दर वेळी ती दूध आणायला गेली की तडकलेली काढून नवी लावली. दुकान विकलं तरी काच कापायची हिरकणी मी ठेवून घेतली होती. कडा घासायला नको होत्या, हे तुझं बरोबर. पण तिथे मुलींचा वावर असतो, एखादीचं बोट कापलं असतं. जन्मभर कोणाच्या हातात कच्ची कड दिली नाही.

तू म्हणशील, म्हाताऱ्याला बोटांची काळजी आणि डोक्यांची नाही. डोक्यांची केली आहे. यंत्रं पुढे घेतली आणि भिंतीपाशी मी बसतो. ती सरकू लागली तर पहिल्यांदा माझ्या पाठीला कळेल, मी ओरडेन, आणि मुली खिडकीशीच असल्यामुळे दारातून बाहेर पडतील. ओरडायला सवड मिळाली नाही, तर निदान तिथे दुसरं कोणी नसेल.

तिला सांगायला दोनदा गेलो. एकदा ती कुणाचं तरी माप घेताना गुणगुणत होती. दुसऱ्यांदा त्या घाईगर्दीवर ओरडत होती, आणि ओरडताना तर ती त्याहून खुशीत असते. मला नाही जमलं. तू सांग. तुला सवय आहे.

तुझा, भाऊजी


२७ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तार पोचली असेल आणि खोली रिकामी केली असशील, असं धरून लिहितो. केली नसशील तर पत्र खाली ठेव, आधी मुलींना बाहेर काढ, मग पुढे वाच.

काच तडकली होती, एकदा नाही, तीनदा. कोणी बदलली ते तुला आत्तापर्यंत उमगलं असेल. खुर्ची तिथे का टाकली, तेही त्यांनाच विचार. मला ते लिहवत नाही.

वर्षभर किती दारांवर लाल कागद लावले असतील. दर वेळी दुभाष्या सांगायचा आणि मी पुढच्या घराकडे निघायचो. आज दुभाष्या नाही. तो मधल्या वाक्यांत काय घालत असेल ते आज कळतंय. तो सांगत असणार की बाई, मला ठाऊक आहे हे तुझं सगळं जग आहे. ताई, मला ठाऊक आहे. तरी घर सोड.

आमच्याकडची खोली तयार आहे. पडदे मुद्दाम बिनकिनारीचे ठेवले आहेत. रागावलीस तरी लोभ असू दे.

तुझा धाकटा


१२ डिसेंबर

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी तार आली तेव्हा वर्ग भरलेला होता. मी वाचली, यंत्रं थांबवायला सांगितली आणि मुलींना म्हटलं, बाहेर चला. वाटलं होतं, आता रडारड होईल. छे. एकीनेही कुठे जायचं ते विचारलं नाही. दोघी दोघींनी एकेक यंत्र उचललं आणि रस्त्यावर नेऊन ठेवलं. घाईगर्दीने कात्र्यांचा डबा घाईत गटारात पाडला, तेवढंच नुकसान.

चार दिवसांनी गवंडी भिंत उतरवायला आला. त्याने वरची एक वीट काढली, आणि बाकीची भिंत त्याच्यासाठी थांबली नाही. धुरळा बसल्यावर पाहिलं, तर तुझ्या भाऊजींच्या जागेवर कमरेएवढ्या विटा. मी तिथेच मटकन खाली बसले. गवंडी पाणी घेऊन धावला. त्याला वाटलं मला भिंतीचं वाईट वाटतंय.

शेजाऱ्याला त्याच्या खड्ड्याची लाज वाटली असावी. त्याने मोटारीचं गॅरेज मला दिलंय आणि मोटार रस्त्यावर धूळ खात उभी आहे. उजेड यथातथा, तेलाचा वास. पहिल्या दिवशी मला वाटलं, संपलं आपलं. तेवढ्यात घाईगर्दीने बाही उलटी जोडली. मी तिला चांगली फैलावर घेतली, आणि अर्ध्यात लक्षात आलं की मी ठीक आहे. तेव्हा तुझ्याकडे राहायला येत नाही. पडद्यांच्या किनारी मात्र घालून देईन, पाठवून दे. माझा शब्द मोडला म्हणून रुसू नकोस. खोली बंद करायची होती ती केली, वर्ग नाही.

तुमच्या दोघांवर मी किती चिडले होते ते लिहिलं तर कागद पेटेल. एकाने तीन काचा बदलल्या, आणि दुसऱ्याने आधी त्यालाच पत्र लिहून विचारलं. भिंत माझी, वर्ग माझा, मुली माझ्या. मला काय सोसेल ते तुम्ही दोघांनी परस्पर ठरवून मोकळे. तुझ्या भाऊजींना विचारलं, का नाही सांगितलंत? म्हणाले, तुला चिडलेलं मी हजारदा पाहिलं आहे, पण हात रिकामे ठेवून बसलेलं कधी पाहिलं नाही, ते मला बघवलं नसतं. धाकट्या, एवढी वर्षं संसार झाला, पण एवढं लांब वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं. खूप रडले, त्यांच्यासमोरच.

मग डोळे पुसून त्यांना बजावलं, की यापुढे मला विचारल्याशिवाय माझ्यासाठी मरायला बसायचं नाही. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, जेवायला बसलं तर चालेल का.

लोभ आहेच, दोघांचाही. पुढे तो तोंडाने सांगावा ही विनंती.

तुझी ताई