पाकिटावरची टेप

सोलापूर, ३ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
प्रतिक्षाचा स. जय भीम, वि. वि.

होस्टेलवर मोबाईल जमा करून घेतात, म्हणून हे पत्र. हसू नकोस. तुझं मागचं पाकीट मला फोडलेलं मिळालं. रेक्टर शिवबाई सगळ्यांची पत्रं आधी वाचतात आणि मग जेवणाच्या रांगेत वाटतात. त्यांची मुलगी रेश्मा माझ्याच बाकावर बसते. तिलाही डॉक्टरच व्हायचंय.

अकरावी सुरू झाली. रोजचं शिकवणं क्लासमध्येच, कॉलेजला फक्त शनिवारी नेतात. काल पहिलं प्रात्यक्षिक झालं. अर्धी मुलं मायक्रोस्कोपकडे गेली, आमच्या ओळीला कॉम्प्युटरच्या खोलीत बसवलं. तिथे ए.सी. आहे, लई मजा आली. क्लासचे सर म्हणाले, कॉम्प्युटरला मार्क भरपूर पडतात, ‘नीट’ परीक्षेचं जीवशास्त्र आपण क्लासमध्ये शिकवतोच की. पप्पांनाही ते पटलंय.

तू दिवसभर लोकांचं रक्त तपासतेस, स्वतः वेळेवर जेवतेस का, असं मम्मी विचारत होती.

माझ्यावर रागावू नकोस, एवढी माया ठेव.
प्रतिक्षा

पुणे, ७ ऑगस्ट २०२५

चि. प्रतिक्षास,
सप्रेम जय भीम.

मी हसले नाही. तुझ्या प्रात्यक्षिकात मायक्रोस्कोप नाही, याचा अर्थ कॉलेजात तुझ्या नावावर जीवशास्त्र हा विषयच नाही. क्लासमध्ये शिकवलेलं बारावीच्या गुणपत्रिकेवर येत नाही, आणि डॉक्टर व्हायचं तर ते तिथे असावं लागतं. नंतर वेगळा पेपर देता येतो, असंही कुणी सांगेल. येत असेल. पण वर्ष तुझं जाईल, सांगणाऱ्याचं नाही.

मी कॉलेजच्या कार्यालयात फोन केला. विषय बदलायची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, पालकाने समक्ष येऊन सही करायची. कॉम्प्युटरची तुकडी भरत नव्हती, हेही तिथल्या क्लार्कच्या तोंडून निसटलं. मग पप्पांना फोन लावला. ते म्हणाले, तुला दुधातही पाणीच दिसतं. मी म्हटलं, असतं म्हणून दिसतं. त्यांनी फोन ठेवला. मला सप्टेंबरपर्यंत रजा नाही.

यापुढचा मजकूर तुझ्यासाठी नाही.

शिवबाई, नमस्कार. हे पत्र तुम्ही आधी वाचाल, याची खात्री आहे म्हणून लिहिते. रेश्मा त्याच ओळीत बसते. तिच्या नावावर कोणते विषय आहेत, ते सरांना नको, कॉलेजात जाऊन विचारा. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. स्वतः बघा.

प्रतिक्षा, पाकिटाला टेप लावली आहे. ती कशी उघडलेली होती, ते कळव.

माझी माया कमी होणार नाही, शंकाही कमी होणार नाही.
धम्मप्रिया

सोलापूर, २४ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
स. जय भीम, वि. वि.

टेप कात्रीने सरळ कापलेली होती. शिवबाईंनी पत्र माझ्या हातात दिलं तेव्हा त्या कॉलेजात जाऊन आल्या होत्या. तुझं म्हणणं खरं निघालं, रेश्माचंही तेच. क्लासमध्ये सरांनी त्यांना ऑफिसात बसवून चहा मागवला. बाई म्हणाल्या, चहा तुमीच प्या, माज्या पोरीला मायक्रोस्कोप दावा. आम्ही दाराबाहेर उभ्या होतो, सगळं ऐकलं.

मग त्यांनी स्वतःच्या फोनवरून मोहोळला पप्पांना गाठलं. तुमची थोरली शंकेखोर हाय, पण खोटी न्हाय, असं म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पप्पा पहिल्या एस.टी.ने आले. कॉलेजात जाऊन सही केली. नंतर मला उसाचा रस पाजला आणि तू जेवतेस का, ते विचारलं.

कॉम्प्युटर गेला, जीवशास्त्र आलं. काल आम्ही कांद्याचा पापुद्रा पाहिला. रेश्माचा छान दिसला, माझा दुमडला. सर आता आमच्याशी बोलत नाहीत. शिवबाई मात्र म्हणाल्या, तुज्या ताईचं पाकीट आता मी फोडायची न्हाय.

तुझा राग गेला असेल, तर दोन ओळी जास्त लिही.
प्रतिक्षा

पुणे, २८ ऑगस्ट २०२५

चि. प्रतिक्षास,
सप्रेम जय भीम.

पाणी कमी पडलं की पापुद्रा दुमडतो. काचेवर आधी थेंब, मग पापुद्रा. सर बोलत नसतील तर राहू दे, पण शिकवतात का, ते दर रविवारी कळव.

पप्पांचा फोन आला होता. विषयाचं त्यांनी काही काढलं नाही. दूधवाला बदलावा का, एवढंच विचारलं.

पाकीट फोडणार नाहीत, हे वाचलं. टेप तरीही लावली आहे.

शिवबाई, हे वाचत असाल तर तुमचे आभार. वाचत नसाल, तर प्रतिक्षा सांगेल.

धम्मप्रिया