रस्त्याकडची बाजू

१ डिसेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा पोचलं. पुलाचा तिसरा खांब उभा राहिल्याचं आईला वाचून दाखवलं, तर तिने विचारलं की चौथा कधी. तेव्हा जिभेपुरती तिची तब्येत ठणठणीत आहे असं समज.

पायांचं मात्र काही खरं नाही. दुकानाच्या मागच्या जिन्यावरून ती घसरली त्याला आता वर्ष होईल. खुब्याचं हाड सुरेख जुळलंय असं डॉक्टर म्हणतात. फिजिओथेरपिस्ट बाई दर मंगळवारी येतात, तिच्याकडून व्यायाम करून घेतात आणि जाताना दारात मला हळूच सांगतात की पायात काही दोष उरलेला नाही, त्या मनावर घेत नाहीत. पलंगापासून खुर्ची चार पावलं आणि खुर्चीपासून न्हाणीघर नऊ, एवढंच तिचं चालणं. तेही वॉकरला मिठी मारून.

एकतीस वर्षं चौकातल्या मोठ्या कापडदुकानाच्या शोकेस सजवणारी ही बाई आता खिडकीकडे पाठ करून बसते. रस्त्याकडचा पडदा सरकवू देत नाही. उजेड सोसत नाही म्हणते. मी दिवसभर चष्म्याची भिंगं घासते, त्यामुळे डोळ्यांतलं मला थोडंफार कळतं. तिच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही.

काल मी नाताळच्या झाडाचा विषय काढला. तिने एका वाक्यात निकाल लावला, यंदा झाड आणायचं नाही, घरभर पानं सांडतात. गेल्या वर्षी ती इस्पितळात होती ते सोडलं, तर आपल्या जन्मापासून या घरात एकही नाताळ झाडाशिवाय गेलेला नाही. पानं तेव्हाही सांडायचीच. मला हे बरं वाटलेलं नाही. तिचं ऐकू की माझं खरं करू, ते कळव. तुझी रजा जानेवारीशिवाय होत नाही हे ठाऊक आहे, म्हणून कुरकुर करत नाही. थोडी केली, ती पोटात घाल.

तुझी,
भिंगरी


६ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

झाड आण. विचारू नकोस, समजावू नकोस, सरळ घेऊन ये. आई नको म्हणते तेव्हा ते किती खोल आहे हे एकदा खणून पाहिल्याशिवाय कळत नाही. हे मी खांबांचे पाये खणणारा माणूस म्हणून सांगतोय.

सामानाचे डबे माळ्यावर डाव्या कोपऱ्यात आहेत. आईने प्रत्येकावर चिठ्ठी डकवलेली असेल. ती वाच आणि तसंच कर. तुझी कलादृष्टी मला माहीत आहे. जगाला चष्मे देतेस, पण तू टांगलेलं कॅलेंडर आजवर कधी सरळ पाहिलेलं नाही. तेव्हा झाडाची वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी होणार नाही एवढं बघ.

आमच्याकडे झाड मिळण्याची सोय नाही. माझ्या लोकांनी उरलेल्या लोखंडी सळ्या वाकवून, जोडून कॅन्टीनमध्ये आठ फुटी झाड उभं केलंय. त्यावर नटबोल्ट टांगलेत. वेल्डर स्वतःवर भलताच खूश आहे. काल आचारी झाडाला धडकला, झाडाला काही झालं नाही.

आईला माझा नमस्कार. माझ्यावरचा राग राखून ठेव, जानेवारीत समोरासमोर काढू.

तुझा,
दादा


१३ डिसेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

झाड आणलं. सहा फुटी, सायकलला आडवं बांधून. वाटेत तीन माणसांना खरचटवलं आणि तिघांची माफी मागितली. आईने बघितलं, म्हणाली की मी बोलले ते भिंतीला बोलले वाटतं, आणि वाचायला वर्तमानपत्र घेतलं. ते उलटं धरलं नव्हतं, पण पान तासभर उलटलंही नाही.

रविवारी सकाळी डबे उघडले. दादा, मी मनापासून सजवलं. चिठ्ठ्या वाचल्या, पण त्यांवर मोठे गोळे खाली, लहान वर असलं काहीबाही होतं. मला मोठे गोळे वर बरे दिसले, म्हणून वर लावले. जरीची माळ एकाच कडेने पाच फेरे गुंडाळली, कारण तिकडे फांद्या कमी होत्या. शेवटी दूर उभी राहून पाहिलं आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं. हे तू कुणाला सांगू नकोस.

जेवण झाल्यावर आई म्हणाली की ते लाल दोन एकमेकांना चिकटलेत, एक काढ. मी काढला. मग म्हणाली की निळा खाली घे. मी घेतला. म्हणाली, एवढं खाली नाही. पुन्हा वर घेतला. असं अर्धा तास चाललं. मग मी म्हटलं की मला असंच आवडतं, आता राहू दे. यावर ती जे म्हणाली ते लिहीत नाही, पण त्यात कॅलेंडरचा उल्लेख होता. तुम्ही दोघं मायलेक माझ्यामागे काय बोलता ते कळलं.

आणि मग ती उठली. टेबलाची कड धरली, ती संपल्यावर कपाटाची, कपाट संपल्यावर काहीच नव्हतं, तरी चालत आली. वॉकर खुर्चीशेजारी तसाच. झाडाशी पोचून तिने माझी जरीची माळ अशी ओढून काढली की जणू झाडाला फास लागला होता. मग एकेक करत सगळं झाड रिकामं केलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दीड तास उभी होती. मी डबे पुढे करत होते आणि रडत होते. ते आनंदाने की अपमानाने, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

इथपर्यंत लिहून पत्र टाकलं असतं तर किती छान झालं असतं. पण पुढचंही सांगायला हवं. दिव्यांच्या माळेचं बटण खिडकीजवळ आहे आणि झाड दरवर्षी खिडकीतच असतं, म्हणून मी ते तिकडे सरकवलं आणि पडदा बाजूला केला. आईचा हात तिथेच थांबला. चेहरा पांढरा पडला. मागे सरकत सरकत खुर्चीत जाऊन बसली आणि पडदा लाव म्हणाली. दुखतंय का विचारलं, तर मान हलवून नाही म्हणाली. त्याला तीन दिवस झाले. झाडाची घराकडची बाजू इतकी देखणी झाली आहे की मी कामावरून आले की आधी तिच्याकडे बघते. रस्त्याकडची बाजू उघडी आहे. आई झाडाकडे फिरकलेली नाही.

काय झालं ते मला सांगत नाही. तू तिला स्वतः लिही. तुला सांगेल. लेकापुढे ती मऊ पडते, हे म्हणताना मला वाईट वाटत नाही असं नाही.

माया आहे तशी राहू दे.

भिंगरी


१८ डिसेंबर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तू आडून विचारलं नाहीस, सरळ विचारलंस, म्हणून सरळ सांगते. भिंगरीला यातलं काही कळवू नकोस.

मी जिन्यावरून पडले नाही. जिन्याचं मी रचून सांगितलं. मालकांना तसं सांगायची विनंती केली आणि त्यांनी ती मानली, भला माणूस.

मी शोकेसमध्ये पडले. नाताळची शोकेस होती, चौकाकडची, सगळ्यात मोठी. पडदा उघडून काम करायची माझी पद्धत तुला माहीत आहे. लोक थांबायचे, बघायचे, मला त्याचा अभिमान होता. वरची चांदणी लावायला शिडीवर चढले आणि शिडीचा पाय सरकला. झाडाला धरलं, तर झाडही माझ्यासकट आडवं. काचेपलीकडे पंचवीस-तीस माणसं उभी होती. ती हसत होती. आवाज येत नव्हता, नुसती तोंडं दिसत होती. टोपी घातलेल्या एका माणसाने टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं असावं की हा कार्यक्रमाचाच भाग आहे. मी उठत नाही हे त्यांच्या लक्षात यायला बराच वेळ लागला. तोवर मी काचेच्या गोळ्यांच्या चुऱ्यात पडून त्यांच्याकडे बघत होते आणि ते माझ्याकडे.

त्यांनी मुद्दाम केलं नाही, हे मला कळतं. पण काच दिसली की ती तोंडं दिसतात. भिंगरीने पडदा उघडला तेव्हा खाली रस्त्यावर कुणी तरी वर बघत होतं, तेवढं पुरलं. हाड जुळलं, डॉक्टरांनी त्यांचं काम चोख केलं. हे जुळवणारा डॉक्टर मला माहीत नाही.

असो. तुझ्या लोखंडी झाडाबद्दल वाचलं. नटबोल्ट सगळे एकाच मापाचे टांगले असतील तर ते झाड नाही, हार्डवेअरचं दुकान आहे. तीन मापांचे घ्या, जड खाली. आणि दिवा झाडावर लावू नका, मागे ठेवा, म्हणजे सळ्यांच्या सावल्या भिंतीवर पडतील. वेल्डरला सांग, त्याची कल्पना चांगली आहे.

जपून राहा. उंचावर काम करतोस.

तुझी,
आई


२१ डिसेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

दिवा मागे ठेवला. सगळी भिंत फांद्यांनी भरली आहे. चाळीस माणसं जेवण विसरून बघत होती आणि वेल्डर तुला मुजरा पाठवतोय.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू मला सांगितलंस हे मी विसरणार नाही. मला समजूत काढता येत नाही, ते काम तू नेहमी केलंस. तेव्हा फक्त कामाचं बोलतो.

आपल्या खिडकीसमोर बसथांबा आहे. तिथे उभ्या राहणाऱ्या माणसांना या घडीला झाडाची उघडी पाठ दिसते, तीही पडद्याच्या फटीतून. तू केलेल्या कामातलं हे एकच काम असं आहे जे समोरच्या बाजूने अर्धवट आहे. तुझ्या दुकानात कुणी असं सोडलं असतं तर तू त्याला काय म्हणाली असतीस, ते मला लिहायला लावू नकोस.

त्या पंचवीस-तीस जणांनी तुला एकदा पडताना पाहिलं. त्यांच्यातल्याच कितीतरी लोकांनी तुला एकतीस वर्षं उभी पाहिलं आहे. हिशेब मी मांडत नाही, तू मांड.

आणि भिंगरीला सांग. मी सांगणार नाही, शब्द पाळेन. पण ती दिवसभर काचेशीच झटापट करते. तिला कळेल. तिला वाटतं की तू माझ्यापुढेच मऊ पडतेस.

पायांवर डोकं ठेवतो.

बाळ


२६ डिसेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

परवा दुपारी आईने मला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. जिन्याचं खोटंही. मी ऐकून घेतलं आणि चहा टाकला. चहा झाल्यावर ती म्हणाली की पडदा काढ. सरकवू नकोस, काढूनच टाक, धुवायला झालाय. तो मी मागच्याच महिन्यात धुतला होता. तरी काढला.

चारच्या सुमारास ती झाड आणि काच यांच्यामधल्या हातभर जागेत शिरली. पाठ झाडाला, तोंड रस्त्याकडे. मी डब्यातून गोळा द्यायची, ती मागे न बघता हात मागे नेऊन लावायची. थांब्यावर दहा-बारा माणसं होती. आधी एकाने वर पाहिलं, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. आईचा हात थांबला. मी तिच्या इतकी जवळ होते की तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी वॉकर आणू का विचारणार होते, त्याऐवजी पुढचा गोळा काढून तिच्यासमोर धरला. अगदी बरं केलं.

खाली भाजीची पिशवी घेतलेली एक बाई होती. तिने हाताने खूण केली की डावीकडचा जरा वर घ्या. दादा, आईच्या चेहऱ्यावर रंग परत आला तो रागाने आला. एकतीस वर्षांत तिला असं कुणी सांगितलं नव्हतं. तिने खिडकी उघडली, थंड हवा आत आली, आणि तिने त्या बाईला ठणकावून विचारलं की कुठला डावीकडचा, तुमच्या की माझ्या. बाईने सांगितलं. आईने झाडाकडे वळून पाहिलं, मग तो गोळा दोन बोटं वर घेतला आणि म्हणाली की बरोबर आहे. त्यानंतर थांब्यावरच्या प्रत्येकाला मत फुटलं. एक म्हातारे गृहस्थ छत्रीने दाखवत होते. आई निम्म्या सूचना मानत होती, निम्म्या उडवून लावत होती, आणि कुठल्या का उडवल्या हे खिडकीतून मोठ्याने समजावत होती.

राहिली चांदणी. मी लावते म्हटलं. ती म्हणाली की चांदणी मी कधी कुणाला लावू दिलेली नाही, स्टूल आण. आपलं ते बुटकं, रुंद पायांचं. मी नाही म्हटलं, अगदी हट्टाने. तिने माझ्याकडे बघून विचारलं की मग मला घट्ट धरशील का. दादा, तिने मला आजवर असं काही मागितलं नव्हतं. मी तिची कंबर दोन्ही हातांनी धरली आणि ती आधी डावा, मग उजवा पाय ठेवून चढली. तिचा खुबा माझ्या हाताला लागत होता. तो थरथरत नव्हता. ती वरून मला म्हणाली की नीट धर, झाड हलतंय.

चांदणी बसली. तोवर अंधारून आलं होतं आणि बस येऊन थांबली होती, पण तिच्यात कुणी चढत नव्हतं. मी बटण दाबलं. झाड उजळलं. ड्रायव्हरने वाकून वर पाहिलं आणि बसमधले सगळे दिवे मालवले, आतल्या लोकांना नीट दिसावं म्हणून. बस तशीच उभी राहिली. काळोख्या काचांतून पंचवीस-तीस तोंडं वर बघत होती. आई स्टुलावर उभी होती, माझ्या हातात, आणि तिने एकेकाकडे सावकाश पाहून घेतलं. कुणीही सुटलं नाही.

पुढचं कालचं. सकाळी नाष्टा झाल्यावर तिने कोट मागितला. म्हणाली की शोकेस बाहेरून पाहिल्याशिवाय पुरी होत नाही. बावीस पायऱ्या ती कठडा धरून उतरली, मी एक पायरी पुढे उलटी उतरत होते आणि ती मला सांगत होती की पुढे बघून चाल, पडशील. रस्ता ओलांडून थांब्यावर दहा मिनिटं उभी राहिली. मग म्हणाली की बरं झालंय, पण उद्या अजून थोडं करायचं आहे.

तो उद्या म्हणजे आज. ती आता एकटी खाली गेली आहे. मी खिडकीजवळ बसून हे लिहितेय आणि ती थांब्यावरून हात हलवून काहीतरी सांगतेय. बहुतेक तिसऱ्या फांदीवरचा पिवळा उजवीकडे. तिच्या की माझ्या, ते कळत नाही. तिच्याभोवती पाच-सहा माणसं गोळा झाली आहेत आणि त्यांचेही हात वर आहेत. आता उठलं पाहिजे, नाहीतर बस अडेल.

जानेवारीपर्यंत झाड काढू देणार नाही असं तिने बजावलंय. पानं सांडोत. लवकर ये, आणि या धाकटीला मनात जागा ठेव.

तुझी,
भिंगरी